वर्तुळातले आकडे

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी वहीपूजन आटोपून आम्ही तिघे भाऊ गादीवर बसलो होतो. वडील गेल्यापासून वाटणीचा विषय घरात अधूनमधून निघत असे आणि त्या दिवशी तो सगळ्यांच्या संमतीने निघाला होता. दुकान कोणाकडे, गोदाम कोणाकडे, गावाबाहेरचे शेत कसे वाटायचे, असे सौम्य बोलणे चालले होते. तेवढ्यात आमच्या शेताला लागून ज्यांचे शेत आहे ते बापू दाराशी आले. वर्षानुवर्षे त्यांची ज्वारी आणि तूर आमच्याच आडतीवर येते. प्रसाद घेऊन ते खाली बसले आणि थोडे अडखळत म्हणाले, “शेठ, वाटणी करताय असं कळलं. ओढ्याकडची पट्टी मात्र आमची हाय. आज्यानं शेवटाला बाला सांगितलं हुतं, शेठजीचं पैसं फेडल्यात, कागद तेवढा राहिलाय म्हणून.”

धाकट्या भावाच्या कपाळावर आठी उमटली. “सातबारा आमच्या नावावर आहे, बापू. सत्तर वर्षे आम्ही कसतो आहोत.” बापू काही बोलले नाहीत. मी त्यांना म्हणालो, “कागद बघतो आणि तुम्हाला सांगतो.” खरे सांगायचे तर माझ्या मनात त्या वेळी न्यायबुद्धीपेक्षा अभिमानच अधिक होता. आमच्या आजोबांच्या व्यवहाराबद्दल सोलापूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यातल्या तालुक्यात कोणी बोट दाखवलेले मी ऐकले नव्हते. कागद काढावेत, बापूंना दाखवावेत आणि विषय संपवावा, एवढाच माझा हेतू होता. त्या हेतूने सुरू केलेला शोध पुढे चौदा महिने चालला आणि तो मी योजलेल्या ठिकाणी संपला नाही. अशी वेळ आपल्यापैकी अनेक कुटुंबांवर येते, म्हणून तो अनुभव येथे मांडतो.

सातबारा मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. शासनाच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या हाती येतो. सातबारा म्हणजे दोन गाव नमुने एकत्र छापलेले असतात. नमुना 7 हे अधिकार अभिलेख पत्रक आणि नमुना 12 ही पिकांची नोंदवही. माझ्या हाती आलेल्या उताऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे वारस म्हणून लागलेली होती आणि बाकी सर्व स्वच्छ होते. मी तो कागद अभिमानाने वकिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर सारून नावांच्या शेजारी लहान वर्तुळात छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “हे काय आहे, ठाऊक आहे का?”

इतकी वर्षे सातबारा हाताळूनही मला ते ठाऊक नव्हते. ते फेरफारांचे क्रमांक असतात. जमिनीच्या हक्कात विक्री, गहाण, वारस, वाटणी असा कोणताही बदल झाला की तलाठी तो गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहितात. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तिचा क्रमांक सातबारावर वर्तुळात येतो. वकील म्हणाले, “सातबारा म्हणजे तुमच्या खतावणीतली शेवटची बाकी. ती कशी आली हे पाहायचे तर कीर्द उघडावी लागते. ती कीर्द म्हणजे फेरफार.” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे खरे. पण ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकी सिद्ध होते ती मूळ दस्ताने.

आमची पंचाईत पहिल्याच पायरीवर झाली. सातबारावर गट क्रमांक होता. आजोबांच्या काळी गट नव्हते, सर्व्हे नंबर होते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे नवे गट पडले. जुन्याचा नवा कोणता झाला हे सांगणारा कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतो. जाणकार त्याला ‘नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा’ म्हणतात. तो मिळाल्यावर कळले की आमचा आजचा एक गट दोन वेगवेगळ्या सर्व्हे नंबरांच्या भागांतून तयार झालेला आहे. मोठा भाग आजोबांच्या वडिलांपासूनचा होता. ओढ्याकडचा 32 गुंठ्यांचा भाग मात्र दुसऱ्या सर्व्हे नंबरातून आलेला होता आणि तो सर्व्हे नंबर मूळचा बापूंच्या घराण्याचा होता.

घरी येऊन मी हे कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षाकडे वळलो. पहिला अर्ज मी असा लिहिला: “माझ्या शेतासंबंधी सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत.” तेथील लिपिकांनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, “शेठ, तुमच्या दुकानात कोणी येऊन नुसतं ‘माल द्या’ म्हणालं, तर तुम्ही काय तोलून द्याल?” मी ओशाळलो. अर्जात काय हवे ते त्यांनीच समजावले: गावाचे नाव, जुना सर्व्हे नंबर व हिस्सा, अंदाजे साल, आणि कोणत्या नोंदवहीतली कोणती नोंद. सरकारी दप्तर गावावर, वर्षावर आणि नोंदवहीवर लावलेले असते. माणसांच्या नावांवर किंवा त्यांच्या तक्रारींवर नव्हे. शिवाय सगळे कागद कायम राहत नाहीत. अभिलेखांचे वर्ग पाडलेले असतात. ‘अ’ वर्गाचे कायम जपायचे, तर ‘ड’ वर्गाचे वर्षभरात काढून टाकायचे. फेरफाराची नोंदवही जपली जाते. तिच्या आधाराला जोडलेला अर्ज किंवा जबाब सापडेलच, असे धरून चालू नये.

दुसरा अर्ज नीट लिहिला, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पोच घेतली. त्यानंतर मी तीन वेळा गेलो. एकदा संबंधित कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, एकदा कक्षाची किल्ली दुसऱ्याकडे होती, एकदा ‘जुने गठ्ठे हलवलेत, बघावे लागेल’ असे उत्तर मिळाले. दोन महिने गेले. माझा राग वाढत चालला होता. पण त्या खोलीत एकदा डोकावण्याची संधी मिळाली तेव्हा तो थोडा निवला. छतापर्यंत लाकडी मांडण्या, त्यांत लाल कापडात बांधलेले रुमाल, कापडावर शाईने लिहिलेली आणि आता पुसट झालेली गावांची नावे, आणि हे सर्व सांभाळायला एक मनुष्य. त्याच्याकडे त्याच दिवशी माझ्यासारखे अकरा जण आले होते. त्यांतले बरेच जण कुणबी नोंदींच्या शोधात होते. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, पाहण्यासाठी तालुक्यातालुक्यांत रांगा लागल्या होत्या. आजवर रद्दी वाटलेल्या कागदांवर आता कोणाच्या मुलाचे शिक्षण तर कोणाची नोकरी अवलंबून होती.

वकिलांनी सुचवले म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. 2005 च्या या कायद्याचा उपयोग कसा करावा, याबद्दल मला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. पहिली अशी की भांडण मांडायचे नाही, फक्त माहिती मागायची. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो 150 शब्दांत बसावा. ही अट प्रथम जाचक वाटते, पण तिच्यामुळे आपलेच म्हणणे स्वच्छ होते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. शुल्क 10 रुपये, प्रतींचे पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या कागदाची नक्कल मिळण्याचा नेहमीचा मार्ग आहे, तो कागद त्याच मार्गाने मागावा. तो मार्ग अडला तर ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर कोणती कार्यवाही झाली, तो आज कोणाकडे आहे’ एवढेच विचारावे. मी तेवढेच विचारले. चोविसाव्या दिवशी निरोप आला: “नक्कल तयार आहे, घेऊन जा.”

ती नक्कल मी कचेरीच्या पायऱ्यांवर उभा राहून वाचली. 1951 सालची नोंद होती. बापूंच्या आजोबांनी आमच्या आजोबांना ओढ्याकडची जमीन 300 रुपयांस रजिस्टर मुदतखरेदीने दिली, मुदत 5 वर्षे, सबब देणाराचे नाव कमी करून घेणाराचे दाखल केले, असा मजकूर होता. मुदतखरेदी म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी घरांतल्या वृद्धांना सांगावे लागणार नाही. कागद खरेदीचा, पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत द्यायची, अशी शर्त त्यात असते. नाव विक्रीचे असले तरी आत गहाणच असते.

मग ‘मुदत’ हा शब्द पुढे गेला कोठे? त्याचे उत्तर मला जुन्या हस्तलिखित सातबारांच्या नकला मागवल्यावर मिळाले. हाताने लिहिलेले सातबारे दर दहा वर्षांनी नव्याने लिहून काढले जात. पहिल्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात मुदतखरेदीचा उल्लेख होता. नंतरच्या पुनर्लेखनात तो उतरलाच नाही. कोणी खोडला नव्हता, कोणी लाच दिली नव्हती. एका हाताने दुसऱ्या कागदावर लिहिताना एक ओळ गळली होती. पुढे संगणक आला आणि त्या गळलेल्या ओळीनंतरचा कागदच त्याने खरा मानला.

आता मूळ दस्त पाहणे भाग होते. तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मिळतो. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 57 फार उपयोगाचे आहे. स्थावर मिळकतींच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक 1 आणि त्याच्या सूची कोणालाही, शुल्क भरून, पाहता येतात आणि त्यांच्या प्रमाणित प्रती मागता येतात. आपण दस्तातले पक्षकार असलेच पाहिजे असे नाही. मिळकतीच्या नावाने शोधायचे तर सूची क्रमांक 2 पाहावी. वर्ष ठाऊक असेल तर काम सोपे होते; नसेल तर प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो. फेरफारात साल असल्याने दस्त दुसऱ्याच दिवशी सापडला. शर्त स्पष्ट होती, दोघांच्या संमतीने लिहिलेली होती, आणि बापूंच्या आजोबांचा डाव्या अंगठ्याचा ठसा खाली उमटलेला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या सूची मी एकेक करून पाहिल्या. जमीन परत दिल्याचा दस्त कोठेही नव्हता.

वकिलांनी सर्व कागद एकदा वाचून फाईल मिटली. “तुम्ही निर्धास्त राहा,” ते म्हणाले. “गहाण सोडवून घ्यायला 1963 च्या मुदत कायद्याने 30 वर्षे दिलेली आहेत. ती कधीच उलटली. तुमच्याविरुद्ध दावा टिकणार नाही.” धाकट्या भावाला हायसे वाटले. मलाही वाटायला हवे होते.

त्या रात्री दुकानाच्या माडीवरची लोखंडी पेटी मी उघडली. सरकारी दप्तराने जेवढे सांगायचे तेवढे सांगितले होते. उरलेले उत्तर असलेच तर ते आमच्याच घरात होते. आजोबांच्या वह्या मोडीत होत्या आणि मला मोडी येत नाही. हीही आपल्या पिढीची एक उणीवच. ज्या अक्षरांनी आपले घर उभे केले ती अक्षरे आपल्याला परकी झाली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी एक निवृत्त शिक्षक मोडी वाचून देतात. त्यांच्याकडे दोन वह्या घेऊन गेलो. दुसऱ्या वहीत बापूंच्या आजोबांचे खाते निघाले. नावे 300. मग जमा, कधी रोख, कधी ज्वारी, कधी कापसाचे पैसे वळते केलेले. शेवटची जमा संवत 2010 च्या चैत्रातली, म्हणजे 1954 च्या एप्रिलमधली. शिक्षकांनी बेरीज केली आणि मी पुन्हा केली. एकूण जमा 215 रुपये. बाकी 85. मुदत संपायला तेव्हा दोन वर्षे होती.

त्यापुढे पान कोरे होते. पुढच्याच वर्षी आजोबा अचानक वारले. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते आणि दुकान मुनीमजी पाहत होते. उरलेले 85 रुपये बापूंच्या आजोबांनी दिले आणि ते लिहिले गेले नाहीत, की दिलेच नाहीत, हे आता कोणीही सांगू शकत नाही. बापूंच्या घरात ‘सगळे फेडले’ अशी आठवण होती, आमच्या घरात ‘जमीन विकत घेतली’ अशी. कागदांपुढे दोन्ही आठवणी पूर्ण खऱ्या ठरल्या नाहीत. एक गोष्ट मात्र निर्विवाद होती. 300 पैकी 215 रुपये परत घेतलेल्या जमिनीचे पीक आम्ही सत्तर वर्षे खाल्ले होते.

मी दोघा भावांना आणि आईला बसवून सर्व वाचून दाखवले. धाकटा म्हणाला, “कायदा आपल्या बाजूने आहे, दादा.” मी म्हणालो, “हो. आणि वही त्यांच्या बाजूने आहे.” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईने विचारले, “मामंजींनी वहीत जमा लिहिली, ती कशाला लिहिली असेल रे? लपवायचे असते तर लिहिलीच नसती ना?” या प्रश्नावर वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते. धाकट्याला पटायला अजून काही आठवडे लागले. त्यात त्याचा दोष नाही, वाटणीत ती पट्टी त्याच्या हिश्श्याला यायची होती. शेवटी त्याच्या हिश्श्याची भरपाई आम्ही दोघांनी गोदामातून केली आणि तोच प्रथम म्हणाला, “बापूंना निरोप पाठवा.”

बापूंना मी सर्व कागद दाखवले, वहीसुद्धा. बाकीच्या आकड्यावर ते थांबले. “म्हंजी पंच्याऐंशी ऱ्हायलंच हुतं म्हणा की,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मला दिसला नाही. आजोबांचा शब्द पूर्ण खरा नव्हता, याचा सल दिसला. मी ओळखला, कारण तोच सल मी काही महिने बाळगून होतो.

गेल्या माघात आम्ही तिघांनी सह्या करून 32 गुंठ्यांचा दस्त नोंदवला. वकिलांच्या सल्ल्याने बक्षीसपत्र केले, आजच्या मूल्यावर मुद्रांक शुल्क भरले. पुढे फेरफार पडला, नोटिशीचे 15 दिवस गेले, कोणाची हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. नवा सातबारा घेऊन बापू दुकानात आले तेव्हा त्यांनी खिशातून मोजून 85 रुपये काढले. मी घेणार नव्हतो. पण नाही म्हटले असते तर ते उपकार ठरले असते. दस्तात त्या रकमेला जागा नव्हती. मी त्या दिवशीच्या कीर्दीत त्यांच्या आजोबांच्या नावाने जमा केली आणि खाते बंद केले.

आता वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातल्या पेट्या वडीलधारी माणसे आहेत तोवर उघडा. कोणती मिळकत कोठून आली, हे त्यांना विचारून साल आणि गाव यांसह लिहून ठेवा. सातबारावरच्या वर्तुळातले आकडे एकदा तरी मागे-मागे वाचत जा. तलाठ्यांकडे, तहसिलीत, भूमी अभिलेखात आणि दुय्यम निबंधकांकडे मिळून आपल्या मिळकतीचा बहुतेक इतिहास असतो. अर्ज नेमका करा, पोच घ्या, तारखा लिहून ठेवा, आणि समोरच्या लिपिकाशी आपल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसे बोला. मोडी वाचणारे कोणी असेल तर आपल्या एखाद्या मुलाला त्यांच्याकडे पाठवा. कागद बहुधा आपल्या बाजूनेच निघतील. कधी निघणार नाहीत. तरीही ते पाहिलेले बरे. आपल्या मुलांच्या हाती मिळकतीबरोबर न सोडवलेली गाठही द्यावी, असे आपल्या पूर्वजांपैकी कोणालाच वाटले नसेल.

या शोधाची सारी फाईल मी माझ्या मुलाकडे दिली आहे. आमच्या मोठ्या शेताचे जुने फेरफार त्यात अजून यायचे आहेत. त्यांच्या नकलांसाठी त्याने मागच्या सोमवारी अर्ज केला. गाव, सर्व्हे नंबर, साल आणि नोंदवही सगळे नीट लिहिले होते. पोच घेऊन तो संध्याकाळी दुकानात आला, तेव्हा बापूंची तूर काट्यावर होती.